तात्पुरती मूर्ती आणि तिचे काव्य : वऱ्हाडातील भुलाबाईच्या अनुषंगाने

शहरातील पुतळा आणि त्याच्या चौथऱ्यावरील लेख यांचे नाते सर्वांच्या परिचयाचे आहे. वर मूर्ती उभी असते, खाली अक्षरे कोरलेली असतात, आणि ती अक्षरे मूर्तीविषयी तृतीय पुरुषात व बहुधा भूतकाळात काही सांगत असतात : हा कोण होता, कोठे जन्मला, त्याने काय केले. मूर्ती टिकाऊ असल्यामुळे शब्दही टिकाऊ असावे लागतात. रोज त्या वाटेने जाणारा माणूस हा लेख वर्षानुवर्षे वाचत नाही. त्याची त्याला गरजही वाटत नाही.

याच्या अगदी उलट जातीची एक कला आहे. तीत मूर्ती चार प्रहरांची, आठवड्याची किंवा फार तर महिन्याची असते. ती देवळात किंवा संग्रहालयात नसते. घराच्या कोपऱ्यात, अंगणात, गल्लीत, चौकात, म्हणजे रोजच्या वावराच्या जागी ती मांडली जाते. तिच्यावर अक्षर कोरलेले नसते, परंतु तिच्यासमोर पद्य म्हटले जाते, आणि त्या पद्यावाचून ती अपुरी असते. आधुनिक कलासमीक्षेने ‘मांडणीशिल्प’ हा शब्द रूढ केला आहे. शिल्प आणि शब्द यांची सार्वजनिक ठिकाणी केलेली तात्पुरती जुळणी ही त्या समीक्षेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना वाटते. अमेरिकेतील जेनी होल्झर हिने १९७७ ते १९७९ या काळात न्यूयॉर्कच्या भिंतींवर आपली सूत्रवाक्ये निनावी कागदांवर छापून चिकटविली, तो प्रसंग अशा चर्चेत वारंवार सांगितला जातो. ती घटना महत्त्वाची आहे, यात वाद नाही. परंतु वऱ्हाडात आणि शेजारच्या नागपूर प्रांतात पोळ्यापासून कोजागिरीपर्यंतच्या सुमारे दीड महिन्यात हीच जुळणी दरवर्षी नव्याने होत आली आहे. तिच्याकडे आजवर एक तर दैवतशास्त्राच्या किंवा लोकगीतांच्या अभ्यासकाने पाहिले. मूर्ती एकाने घेतली, गाणे दुसऱ्याने घेतले. दोहोंमधला सांधा मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तो सांधाच मोलाचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील नांदगाव पेठ हे या विचाराला सोयीचे ठिकाण आहे. गाव आणि पेठ हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. कपाशी आणि तुरीची शेते, औद्योगिक वसाहत, १,३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र हे सर्व एकाच परिसरात आले आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभात येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणीही झाली. अशा वस्तीला खेडे म्हणणे जितके कठीण, तितकेच शहर म्हणणेही कठीण. वऱ्हाडातील बऱ्याच वस्त्या आज याच अवस्थेत आहेत. भुलाबाईसारखा प्रकार केवळ ‘ग्रामीण’ म्हणून बाजूला ठेवण्याची जी सवय आहे, ती अशा ठिकाणी टिकत नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतील मोहल्ल्यांतही भुलाबाई बसते, आणि तिच्या रंगीत मूर्ती बाजारात गणपतीच्या पाठोपाठ विकावयास येतात.

भुलाबाईचा काळ भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंतचा. मूर्ती मातीची असते : भुलाबाई, शेजारी भुलोजी, आणि बहुधा मांडीवर बाळ गणपती. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु गाण्यांत ही दोघे कैलासावर राहत नाहीत, ती नुकत्याच लग्न झालेल्या कोणत्याही कुणबी-माळ्याच्या घरातील माणसांसारखी वागतात. मूर्तीवर ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारतात. संध्याकाळी मुली जमतात, एका घरची गाणी संपली की दुसऱ्या घरी जातात. हातात टिपऱ्या असतात. शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची असते. कोजागिरीला चांदण्यात मोठा समारंभ होतो, कित्येक घरी त्या रात्री ३३ खिरापती करण्याचा प्रघात आहे, आणि मग मूर्तीचे विसर्जन होते.

नावाविषयी थोडे. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन शंकराला भुलविले, म्हणून ती भुलाबाई, अशी कथा सांगतात. या कथेत ‘भिल्ल’ आणि ‘भुलणे’ या दोन वेगळ्या शब्दांची सांगड एकदम घातलेली आहे. लोकव्युत्पत्तीला एका शब्दाने भागत नाही, तिला दोन्ही हवे असतात. खानदेशात हीच देवता ‘गुलाबाई’ आणि तिचा पती ‘गुलोजी’ होतो. ‘भ’चा ‘ग’ होण्यास ध्वनिनियमाचा आधार देता येत नाही. ‘गुलाब’ या शब्दाच्या साहचर्याने हे रूप घडले असण्याचा संभव अधिक. पतीचे नावही त्याच साच्यात बदलले, यावरून ही जोडी भाषिक दृष्ट्याही जोडीच मानली गेली, एवढे निश्चित दिसते.

आता गाण्यांकडे वळू. भुलाबाईची गाणी छापील संग्रहात वाचणाऱ्यास प्रथम जी अडचण येते, ती क्रियापदाच्या पुरुषाची. गाणे भुलाबाईला हाक मारून सुरू होते, म्हणजे ती संबोध्य असते. दोन ओळींनंतर तिच्याविषयी तृतीय पुरुषात काही सांगितले जाते. पुढे अकस्मात ‘मी’ येतो, आणि हा ‘मी’ भुलाबाईचा की गाणाऱ्या मुलीचा, हे शब्दांवरून ठरविता येत नाही. संपादक येथे गोंधळतात. कोणी अवतरणचिन्हे घालून संवाद निश्चित करू पाहतो, कोणी ‘पाठ भ्रष्ट’ अशी टीप देतो. वस्तुतः पाठ भ्रष्ट नाही. गाणे म्हटले जात असता समोर मूर्ती असते, आणि ‘कोणाविषयी’ या प्रश्नाचे उत्तर ती मूर्ती देत असते. लिखित वाक्यात संदर्भ स्थिर ठेवण्याचे जे काम सर्वनामाला आणि क्रियापदाच्या प्रत्ययाला करावे लागते, ते येथे मातीने पत्करलेले आहे. त्यामुळे क्रियापद मोकळे होते. गाणारी मुलगी क्षणात भुलाबाईशी बोलते, क्षणात भुलाबाईविषयी बोलते आणि क्षणात स्वतःच भुलाबाई होऊन बोलते. या पुरुषबदलातच गाण्याचे सारे नाट्य आहे. कारण गाणाऱ्या बहुतेक अविवाहित असतात, आणि ज्या सासरचे वर्णन त्या करतात ते त्यांनी अजून पाहिलेले नसते. ‘मी’ म्हणून ते उच्चारणे अवघड, ‘ती’ म्हणून उच्चारणे फार परके. समोरची लहानशी मूर्ती ही दोन्ही अंतरे हवी तशी कमीजास्त करू देते.

दुसरी गोष्ट रचनेची. या गाण्यांतील एक मोठा वर्ग साखळीचा आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू सासऱ्याकडे बोट दाखविते, सासरा दिराकडे, दीर जावेकडे, जाऊ नणंदेकडे, आणि अखेर गोष्ट नवऱ्यापर्यंत जाते. वाक्य प्रत्येक वेळी तेच. त्यातील एक जागा मात्र रिकामी असते, आणि त्या जागेत नात्याचे नाम बदलत जाते. व्याकरणकार ज्याला रूपावली म्हणतो, तीच ही. फरक इतकाच की येथे विभक्तीचे प्रत्यय बदलत नाहीत, माणसे बदलतात. मुलीला नात्यांची नामे, त्यांचा अधिकारक्रम, आणि कोणाला कोणत्या शब्दाने विचारावयाचे हे सर्व या गाण्यात पाठ होते. त्यात कडवटपणा पुष्कळ आहे, थट्टाही आहे. स्त्रीगीतांच्या संग्राहकांनी हा आशय चांगला ओळखला, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेल्या कामाचे ऋण या बाबतीत मोठे आहे. परंतु रिकाम्या जागेची ही रचना आणि मूर्तीची मांडणी यांचा संबंध पाहावयाचा राहून गेला.

तो संबंध उलगडण्यासाठी भुलाबाईपेक्षा नागपूरची मारबत अधिक उपयोगी पडते, म्हणून वऱ्हाडची सीमा ओलांडून थोडे पूर्वेकडे जाणे भाग आहे.

पोळा श्रावण अमावास्येला येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे तेथे सांगतात. बांबू, कागद व कापड यांच्या या प्रचंड स्त्रीमूर्ती इतवारी व जुन्या नागपूरच्या गर्दीच्या रस्त्यांतून नेल्या जातात आणि शेवटी जाळल्या जातात. काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईशी जोडते, तिने इंग्रजांना साहाय्य केले म्हणून. इतिहासकाराने या आरोपाचे काय करावयाचे ते करावे. येथे लक्ष द्यावयाचे ते मिरवणुकीतील घोषाकडे. या घोषात मारबतीला हाक असते आणि ‘घेऊन जाणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असते. हाकेत ‘गे’ हे जुने स्त्रीलिंगी संबोधन टिकून आहे. रोजच्या बोलण्यात या भागातील माणूस बाईला ‘वं’ म्हणून हाक मारतो. ‘गे’ त्याच्या तोंडी वर्षातून त्या एकाच दिवशी येतो. संबोधन आणि क्रियापद ही दोन टोके अशी पक्की बांधलेली आहेत. मधली कर्माची जागा मात्र उघडी आहे. तीत ईडापिडा येते, रोगराई येते, आणि त्या त्या वर्षी लोकांना जे नकोसे झाले असेल ते येते : महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, एखादा कर, एखादा पुढारी.

मिरवणुकीत मारबतींबरोबर ‘बडगे’ असतात. हे बहुधा पुरुषाकृती पुतळे असून ते दरवर्षी नवे, त्या वर्षीच्या विषयावर केलेले असतात. मारबत दरवर्षी तीच. काळी ती काळीच, पिवळी ती पिवळीच. बडगे दरवर्षी वेगळे. म्हणजे वाक्यात जे स्थिर आहे त्याला स्थिर मूर्ती आहे, आणि वाक्यात जी जागा उघडी आहे तिला बदलती मूर्ती आहे. मारबत ही घोषाच्या क्रियापदाची मूर्ती आणि बडगा हा कर्माची मूर्ती, असे म्हणण्यास हरकत नाही. हे साम्य कोणी ठरवून आणलेले नाही. शब्द आणि आकृती दीर्घकाळ एकाच रस्त्याने एकत्र चालल्यामुळे दोघांनाही एकच सांगाडा मिळाला आहे. विदर्भातील अनेक खेड्यांत त्या दिवशी सकाळी कोणतीही मूर्ती न करता पळसाच्या फांद्याच गावाबाहेर टाकतात, आणि घोष तोच असतो. तेथे कर्माची जागा फारशी विस्तारत नाही, ईडापिडेवर आणि ढेकूण-डासांवर भागते. नव्या आकृती घडविण्याची सोय नसेल तर नवे शब्दही थोडेच सुचतात, असा याचा अर्थ लावता येईल.

पोळ्याच्या झडत्या हा तिसरा प्रकार. तोरणाखाली सजविलेले बैल उभे असतात, आणि शेतकरी एकमेकांना पद्यमय झडत्या ऐकवितात. त्यांत महादेवाला नमन असते, सावकारावर, सरकारवर आणि शेजाऱ्यावर टोमणे असतात. येथे मूर्ती कोणती, असा आक्षेप येईल. रंगविलेली शिंगे, झूल, बाशिंग, घुंगरमाळा यांनी बैल त्या दिवसापुरता स्वतःच मूर्ती झालेला असतो. ज्यांच्याकडे बैल नाही ते मातीचे बैल पुजतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तथापि झडती बैलाला उद्देशून नसते, समोरच्या माणसाला उद्देशून असते. म्हणूनच तिचा आशय राजकारणाकडे लवकर वळला, आणि म्हणूनच ती बैलावाचूनही जगू शकते. आज झडत्यांचे कार्यक्रम बैलांशिवाय व्यासपीठावर होतात. भुलाबाईचे तसे होत नाही, आणि झाले तर ते ऐकवत नाही.

युरोपातील दोन उदाहरणे येथे तुलनेला घेण्याजोगी आहेत. रोममध्ये पास्क्विनो नावाचा एक भग्न प्राचीन पुतळा आहे. ऑलिव्हिएरो काराफा या कार्डिनलने तो १५०१ मध्ये पियाझ्झा नावोना चौकाजवळ बसविला. प्रतिवर्षी २५ एप्रिलला या धडाला एखाद्या पुराणपुरुषाचा वेष चढवीत आणि त्याच्यावर लॅटिन पद्ये चिकटवीत. १५०९ पासून ती छापलीही जाऊ लागली. लौकरच ही पद्ये पोपच्या दरबाराविरुद्ध बोलू लागली. त्यांत बोलणारा मात्र पुतळाच असे. ‘मी पास्क्विनो’ म्हणून तो बोले, आणि मार्फोरिओ नावाच्या दुसऱ्या पुतळ्याशी त्याचे सवालजवाब होत. कवी निनावी राहावयाचा असल्यामुळे प्रथम पुरुष दगडाला देणे सोयीचे होते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात मार्च महिन्यात चौकाचौकांत लाकूड, कागद इत्यादींचे उंच उपहासात्मक देखावे उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री, सेंट जोसेफच्या सणाला, ते जाळले जातात. या सणाला ‘फालेस’ म्हणतात. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तो २०१६ मध्ये आला. प्रत्येक देखाव्याचे स्थानिक व्हॅलेन्सियन भाषेत पद्यमय स्पष्टीकरण करण्याची रीत आहे. अशी पहिली पुस्तिका जोसेप बेर्नात इ बाल्दोवी या लेखकाने १८५५ मध्ये लिहिली. स्पष्टीकरण असल्यामुळे पद्याचा कल तृतीय पुरुषाकडे आहे : हा कोण, त्याने काय केले, त्याची फजिती कशी झाली.

रोममध्ये मूर्ती बोलते, व्हॅलेन्सियात मूर्तीविषयी बोलतात, नागपुरात मूर्तीशी बोलतात. भुलाबाईपुढे मात्र तिन्ही घडते. पुरुषाचा हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. मूर्ती किती टिकावयाची, तिच्याशी माणसांचे नाते काय, आणि बोलणाऱ्याला लपण्याची गरज किती, यांवरून तो ठरतो. पास्क्विनोची मूर्ती टिकाऊ असून शब्द तात्पुरते आहेत. भुलाबाईची मूर्ती तात्पुरती असून शब्द टिकाऊ आहेत. दोहोंपैकी एकाने तरी दरवर्षी नवे व्हावे लागते, असे दिसते. व्हॅलेन्सियात १९३४ पासून दरवर्षी एक आकृती लोकांच्या मतांनी आगीतून वाचविली जाते आणि संग्रहालयात ठेवली जाते. तिच्यासाठी पुन्हा पद्य लिहिले जात नाही. ती त्या वर्षाचा दस्तऐवज होऊन बसते.

मूर्ती आणि पद्य यांची फारकत कशी होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याबरोबर मेळे निघू लागले. मेळ्यातील मुले गणपतीसमोर उभी राहून पदे म्हणत, परंतु ती पदे श्रोत्यांना उद्देशून असत. गणपतीला नमन करून मेळा लोकांकडे तोंड फिरवीत असे. देशभक्तीच्या प्रसाराला ते आवश्यकच होते. पण त्यामुळे मूर्ती पद्यावर अवलंबून राहिली नाही आणि पद्य मूर्तीवर अवलंबून राहिले नाही. मेळे मागे पडले, तेव्हा गणपतीच्या मूर्तीला काहीच उणे पडले नाही. ती वाढतच गेली, तिच्याभोवती देखावे आले आणि देखाव्यांना ध्वनिमुद्रित निवेदन आले. हे निवेदन कानावर आदळते, पण ते मूर्तीशी बोलत नाही, ती ज्या गल्लीत बसली आहे तिच्याविषयीही बोलत नाही.

याच्या नेमका उलट प्रकार मुंबईत घडला, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. राजपुत्र एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये रस्त्यावरून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. घोडा गेला, परंतु ‘काळा घोडा’ हे नाव त्या जागेला चिकटून राहिले. १९९९ मध्ये त्या नावाने कलामहोत्सव सुरू झाला. तात्पुरती शिल्पे आणि कवितावाचने त्या पदपथांवर होऊ लागली. पुढे २०१७ मध्ये तेथे नवा घोडा बसविण्यात आला, तो स्वारावाचून. पन्नास वर्षांहून अधिक काळ एका शब्दाने जागा राखून ठेवली आणि शेवटी शब्दानेच मूर्ती घडविली. नवी मूर्ती मूळ पुतळ्याची नाही, शब्दाची आहे. म्हणून तिच्यावर राजपुत्र नाही. लोकांनी त्याचे नाव कधी घेतलेच नव्हते.

भुलाबाईच्या शब्दांत असे सामर्थ्य आहे काय? मूर्ती गेली तर ते तिला परत घडवू शकतील काय? येथे वस्तुस्थिती फारशी आश्वासक नाही. महिन्याची भुलाबाई पुष्कळ घरी पाच दिवसांवर आणि कित्येक ठिकाणी कोजागिरीच्या एका रात्रीवर आली आहे. शाळा, शिकवण्या, नोकरीच्या पाळ्या ही कारणे उघड आहेत. मखराचे धांडेही पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत; गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने वऱ्हाडातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. यावर हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. भाषिक परिणाम कोणता होतो, हे पाहणे अधिक उपयुक्त. महिना आकसला की सर्वप्रथम नाहीशी होतात ती मोजणीची आणि साखळीची लांब गाणी. ज्या गाण्यात पूजा पहिली, दुसरी अशी वाढत जाते, त्याला वाढत जाणारे दिवस हवे असतात. एका रात्रीच्या कार्यक्रमात ती कंटाळवाणी वाटतात, म्हणून आखूड गाणी निवडली जातात, आणि त्यांतही चालीने आकर्षक असलेली. परिणामी नात्यांची जी रूपावली मुली पाठ करीत, तिचे एकदोन शब्द उरतात. खिरापत ओळखण्याचा खेळ मात्र टिकून आहे. तो मूलतः कोड्याचा प्रकार असल्यामुळे दिवसांच्या संख्येवर अवलंबून नाही. शिवाय त्यात खाऊ आहे.

दुसरा परिणाम छपाईचा. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, वऱ्हाडीचे नमुने नोंदविले गेले. त्यानंतर वऱ्हाडीची वैशिष्ट्ये विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात : ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘ळ’च्या जागी ‘य’. परंतु गाणी उतरून घेताना हेच विद्यार्थी प्रमाण लेखन वापरतात. उच्चारात ‘माळा’ ही ‘माया’ होते आणि ‘काळा’ हा ‘काया’ होतो. यमक ‘माया’शी किंवा ‘काया’शी जुळविलेले असेल, तर छापील ‘माळा’ आणि ‘काळा’ यांनी ते मोडते, आणि वाचकाला वाटते की लोकगीतात यमकाची पर्वा नसते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. या गाण्यांची भाषा सर्वस्वी वऱ्हाडी नाही. तीत खानदेशी रूपे आहेत, जुनी रूपे आहेत, आणि शाळेतून आलेली प्रमाण रूपेही आहेत. एकच मुलगी बोलताना ‘डोया’ म्हणते आणि गाताना ‘डोळा’ म्हणते, असेही घडते. संपादकाने सगळ्याला सरसकट वऱ्हाडी रंग देणे हेही तितकेच चुकीचे. जे ऐकले ते लिहावे, इतकेच.

परंतु ध्वनी कितीही काळजीपूर्वक नोंदविला, तरी मूर्तीवाचून नोंद अपुरीच राहते. ध्वनिमुद्रणात ‘हे’, ‘ही’, ‘इथं’, ‘तिकडं’ हे दर्शक शब्द ऐकू येतात. त्यांनी काय दाखविले ते ऐकू येत नाही. गाणाऱ्या मुलीने ‘हिच्या’ म्हणताना भुलाबाईकडे हात केला की शेजारच्या मैत्रिणीकडे, यावर ओळीचा अर्थ फिरतो, आणि बहुधा हशाही त्याच हातावर पिकलेला असतो. चलच्चित्राची सोय आता प्रत्येकाच्या खिशात असताना ही उणीव राहण्याचे कारण नाही. तरी संग्राहक चित्रण करतो ते मुलींच्या चेहऱ्यांचे, आणि मूर्ती चौकटीच्या बाहेर राहते.

अशा नोंदीचा नमुना शोधण्यास परदेशी पद्धतिग्रंथांकडे जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातच ऋद्धिपूर आहे. महानुभावांनी आपल्या महापुरुषांच्या वास्तव्याच्या जागा तेथे आणि अन्यत्र ओट्यांनी खुणावल्या आणि स्थानपोथीत उतरवून ठेवल्या. तीत काव्य शोधू जाणाऱ्याची निराशा होते. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, कोणती जागा कोणत्या जागेच्या उजवीकडे वा मागे, अशी ती रुक्ष माहिती आहे. पण या रुक्षपणामुळेच लीळाचरित्रातील पुष्कळ वाक्यांना आजही पाय ठेवण्यास जागा मिळते. नांदगाव पेठेतील किंवा अकोल्याच्या एखाद्या मोहल्ल्यातील भुलाबाईची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर असेच काही लिहावे : मूर्ती कोणत्या भिंतीशी, तिचे तोंड कोणीकडे, भुलोजी तिच्या उजवीस की डावीस, मखराला धांडे किती आणि ते कोणाच्या शेतातून आले, मुली कोठे बसल्या, डबा कोणाच्या हातात होता. गाणी त्यानंतरच्या पानावर.